पडद्यावरील चित्रांचें मान

संस्कृतांत ‘मान’ हा शब्द पुल्लिंगीं योजिला असतां त्याचा अर्थ आदर असा होतो आणि नपुंसकलिंगीं योजिला असतां माप असा होतो. मराठींतही आपण दोन्ही अर्थ नित्य वापरतों. पाहुण्याचा मान राखतों आणि पर्जन्याचें मान पाहतों. शाळेंत व्याकरण शिकवितांना ही जोडी मुलांपुढें ठेवण्याचा प्रसंग पुष्कळदां येई. परंतु हे दोन अर्थ एकमेकांस किती लागून आहेत, हें हल्लीं सभासमारंभांत पडद्यावर दाखविल्या जाणाऱ्या चित्रांनीं जितकें पटवून दिलें, तितकें व्याकरणानें दिलें नव्हतें.

हल्लीं शाळेचें संमेलन असो, व्याख्यानमाला असो, कोणाची साठीशांत असो वा सहस्रचंद्रदर्शन असो, संगणकावर रचलेली चित्रमालिका दाखविल्यावांचून समारंभ पुरा झालासें वाटत नाहीं. घरांतील नातवंडें रात्रीं जागून ती तयार करतात आणि वडील मंडळी ट्रंकेच्या तळाचे जुने फोटो काढून देतात. हा उद्योग कौतुकाचाच आहे. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, उंच सडपातळ आजोबा पडद्यावर बुटके आणि गरगरीत दिसतात, आजींचा चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा पसरतो, आणि मंडळी कौतुकानें हंसावयाच्या ऐवजीं भलत्याच कारणानें हंसतात.

घरगुती समारंभांत हें हंसण्यावारीं जातें. सगळीकडे तें तसें जाऊं नये. कांहीं वर्षांपूर्वीं १२ जानेवारीस सोलापुरांतील एका शाळेच्या कार्यक्रमास मी श्रोता म्हणून गेलों होतों. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे ह्या चार हुतात्म्यांना १९३१ सालीं ह्याच दिवशीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें, हें सोलापूरकरांस सांगावयास नको. चौघांचीं छायाचित्रें पडद्यावर आलीं तीं सर्व आडवीं ताणलेलीं. माझ्या शेजारच्या पांचवींतल्या एका मुलानें आपल्या सोबत्यास हळूच विचारलें, “हे चौघे भाऊ होते काय रे?” चेहरे सारखेच रुंदावल्यामुळें त्या बालकास ते एकाच घरचे वाटले. निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या समाजांतून आणि धर्मांतून आलेले हे चार पुरुष एका ध्येयासाठीं एकत्र झाले, हीच तर त्या दिवशीं मुलांना सांगावयाची गोष्ट. आणि नेमकी तीच त्या ताणलेल्या चित्रांनीं पुसून टाकली. ज्यांचीं छायाचित्रें मोजकींच उरलीं आहेत, त्यांच्या बाबतींत तर चित्र हाच मुखाचा पुरावा. तो आपण बदलतां कामा नये.

असें होतें तरी कां, हें प्रथम पाहूं. त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

पडद्यावर चित्रें दाखवून कथा सांगण्याची कला महाराष्ट्रास नवी नाहीं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले आणि त्यांस ‘शांबरिक खरोलिका’ असें अस्सल संस्कृत वळणाचें नांव दिलें. शंबर हा मायावी असुर, आणि अमरकोशांत ‘शांबरी’ हा शब्द मायेचा पर्याय म्हणून दिला आहे. तेव्हां मायेचा कंदील हें नांव किती यथार्थ आहे हें वाचकांच्या ध्यानांत येईलच. काचांवर हातानें रंगविलेलीं चित्रें, मागें दिवा, पुढें भिंग आणि समोर पांढरा पडदा, एवढ्या सामग्रीवर पुराणांतील प्रसंग आणि सर्कशींतील कसरती पाहून लोक थक्क होत. पटवर्धनांच्या मुलांनींही ह्या खेळांत वडिलांस साथ दिली.

ह्या कंदिलाचा एक गुण असा होता कीं, त्यांत चित्र ताणलें जाण्याची सोयच नव्हती. भिंग जितक्या पटीनें उंची वाढवी, तितक्याच पटीनें रुंदी वाढवी. पडदा दूर नेला तर राम मोठा होई, जवळ आणला तर लहान होई. पण तो जाडा किंवा बारीक कधींच होत नसे. कंदील तिरपा ठेविला तर चित्राची एक कड दुसरीपेक्षां मोठी दिसे, एवढाच काय तो दोष. आणि तो कंदील सरळ केला कीं जाई. पुढें छायाचित्रांच्या फिल्मच्या स्लाइड्स आल्या. त्यांतील चित्र ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असे, व तें दोन इंच चौरस चौकटींत बसविलेलें असे. त्यांनाही हाच नियम लागू होता. कोडॅक कंपनीनें असे स्लाइड प्रोजेक्टर बनविणें २००४ सालीं बंद केलें, आणि तें युग संपलें.

मध्यंतरीं १९८७ सालीं पॉवरपॉइंट नांवाची संगणकीय योजना बाजारांत आली आणि त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें ती विकत घेतली. बाहेरून पाहतां ही जुन्या स्लाइडचीच नवी आवृत्ति. परंतु आंतून एक मोठा फरक झाला. पूर्वीं चित्र आणि काच हीं एकच वस्तु होती. आतां स्लाइड ही नुसती रिकामी पाटी झाली आणि चित्र ही त्या पाटीवर ठेवलेली सुटी वस्तु झाली. सुटी वस्तु हलवितां येते, कापतां येते आणि रबरासारखी ताणतांही येते. जें मान पूर्वीं भिंगाच्या स्वभावामुळें आपोआप राखलें जात होतें, तें आतां स्लाइड रचणाऱ्याच्या हाताच्या स्वाधीन झालें आहे.

त्यांत पाटीचाही आकार बदलला. पॉवरपॉइंटची जुनी पाटी १० इंच रुंद व साडेसात इंच उंच, म्हणजे चारास तीन ह्या प्रमाणाची होती. २०१३ च्या आवृत्तीपासून ती सुमारें १३.३३ इंच रुंद व साडेसात इंच उंच, म्हणजे सोळास नऊ ह्या प्रमाणाची झाली. जुनी चित्रमालिका नव्या रुंद पडद्यावर ओढून बसविली तर उंची तीच राहून रुंदी एकतृतीयांशानें वाढते. नऊ इंच रुंदीचें मुख बारा इंच होतें. हुतात्म्यांच्या चित्रांवर ओढवलेला प्रकार हाच.

आपल्या पूर्वजांनीं ह्या विषयाचा विचार फार बारकाईनें केलेला आहे. वात्स्यायनाच्या ग्रंथावरील जयमंगला टीकेंत यशोधरानें चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत. त्यांत रूपभेदाच्या पाठोपाठ दुसरेंच अंग प्रमाण हें आहे. भाव, लावण्य, सादृश्य आणि रंगकाम हीं सर्व त्याच्यामागून येतात. मूर्तिशास्त्रांत नवताल मूर्ति म्हणजे मुखाच्या नऊपट उंच. एक ताल बारा अंगुलांचा, म्हणून सारी उंची १०८ अंगुलें. पण हें अंगुल कोणाचें? तें कारागिराच्या बोटाचें नसून त्या मूर्तीच्याच देहावरून काढलेलें असतें. त्यास देहलब्धांगुल म्हणतात. ह्यांतील खुबी अशी कीं, मूर्ति देव्हाऱ्यांत मावेल एवढी असो वा गाभारा भरून टाकील एवढी असो, तिचें अंगुल तिच्याबरोबर लहानमोठें होतें आणि अवयवांचें प्रमाण तिळमात्र ढळत नाहीं. आकार बदलावा, प्रमाण बदलूं नये, हा सिद्धांत ह्याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

ज्यांस शास्त्रापेक्षां व्यवहार जवळचा वाटतो, त्यांनीं सोलापूरच्या चादरीकडे पाहावें. चादरीवरचा मोर कापडावर रंगविलेला नसतो. तो ताण्याच्या आणि बाण्याच्या सुतांतून जॅकार्डच्या साहाय्यानें विणला जातो. आरंभीं नक्षी चौकटींच्या कागदावर काढतात, आणि कागदावरील उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा व आडवी ओळ म्हणजे बाण्याचा धागा असा हिशेब असतो. आतां समजा, कापडांत इंचास ताण्याचे ४० धागे आणि बाण्याचे ३० धागे बसतात. साध्या चौरस चौकटींच्या कागदावर १२० घरें रुंद आणि १२० घरें उंच असा मोर काढला, तर तो कागदावर चौरसांत बसेल. पण कापडावर त्याची रुंदी १२० भागिले ४० म्हणजे तीन इंच, आणि उंची १२० भागिले ३० म्हणजे चार इंच होईल. मोराचा बगळा व्हावयास एवढें पुरे. म्हणून जाणता कारागीर धाग्यांच्या ह्या प्रमाणाचा हिशेब आधीं करतो आणि मग नक्षी काढतो. चित्र ज्यावर उतरावयाचें त्या पृष्ठाचें मान आधीं विचारावें, हा त्याचा धडा स्लाइड रचणारानेंही घेण्यासारखा आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं.

पहिली गोष्ट, समारंभाच्या ठिकाणचा पडदा आणि प्रोजेक्टर कोणत्या प्रमाणाचा आहे, हें काम सुरू करण्यापूर्वींच विचारून घ्यावें आणि ‘डिझाइन’ ह्या सदराखालील ‘स्लाइड साइझ’मध्यें पाटी त्या प्रमाणाची करून ठेवावी. चित्रें बसवून झाल्यावर पाटी बदलणें म्हणजे भिंती उभ्या राहिल्यावर पाया बदलणें होय. तरीही तशी वेळ आलीच, आणि पाटी लहान होत असली, तर नव्या आवृत्त्या ‘मॅक्सिमाइझ’ कीं ‘एन्शुअर फिट’ असा प्रश्न विचारतात. पहिल्यानें चित्र मोठें राहतें पण कडेचा भाग पाटीबाहेर जाऊं शकतो. दुसऱ्यानें तें लहान होतें पण अखंड राहतें. शंका असेल तेथें दुसरा पर्याय घ्यावा.

दुसरी गोष्ट, चित्र निवडलें म्हणजे त्याच्या कडांवर आठ ठिपके दिसतात. चार कोपऱ्यांवर असतात आणि चार बाजूंच्या मध्यावर. चित्र लहानमोठें करावयाचें तर कोपऱ्याचाच ठिपका धरावा. मधल्या ठिपक्यास हात लावला कीं प्रमाण मोडलेंच म्हणून समजावें. ह्याहून चांगला मार्ग म्हणजे ओढाताण न करतां आंकडा लिहिणें. चित्राच्या मापांच्या चौकटींत ‘लॉक आस्पेक्ट रेशो’ ह्या शब्दांपुढें खूण असूं द्यावी आणि केवळ उंची लिहावी. रुंदी आपोआप तिच्या प्रमाणांत येते. तेथेंच उंची आणि रुंदी मूळच्या शेंकडा किती आहेत हेंही दिसतें. दोन्ही आंकडे सारखे असले म्हणजे ह्या स्लाइडवर तरी चित्र ताणलेलें नाहीं असें समजावें. बिघडलेंच असेल तर ‘रीसेट पिक्चर अँड साइझ’ ही आज्ञा तें पूर्ववत् करते. मात्र चित्र दुसरीकडून येतांनाच ताणलेलें आलें असेल, तर ह्या आंकड्यांवरून तें कळत नाहीं. तेथें मूळ फोटोशीं ताडून पाहणें हाच उपाय.

तिसरी गोष्ट ज्यांस ठाऊक नाहीं ते विनाकारण संगणकास दोष देतात. एकाच आल्बमांतले दोन फोटो पाटीवर आणले, तर एक मोठा आणि दुसरा निम्मा कां दिसतो? प्रत्येक चित्र ठिपक्यांचें बनलेलें असतें, आणि इंचास किती ठिपके धरावेत ह्याची एक नोंद त्याच्या पोटांत असते. १८०० ठिपके रुंदीच्या चित्रांत ३०० अशी नोंद असेल तर तें सहा इंच रुंद येतें, आणि १५० अशी असेल तर बारा इंच. स्कॅन करणाऱ्याच्या यंत्रानें जी नोंद केली ती त्याला चिकटते. म्हणून आलेलें माप हें चित्राचें जन्मसिद्ध माप आहे असें समजूं नये; सर्वांची उंची आपण ठरवून सारखी लिहावी.

चौथी गोष्ट ठिपक्यांच्याच संबंधाची. फाइल जड होऊं नये म्हणून पॉवरपॉइंट चित्रांतील ठिपके कमी करून ठेवतें. इंचास २२० ठिपके ही मर्यादा धरली, आणि चित्र एक इंचाएवढें लहान करून फाइल जपून ठेवली, तर त्यांत २२० ठिपकेच उरतात. दुसऱ्या दिवशीं तेंच बारा इंच केलें तर इंचास अठराच ठिपके पडतात आणि आजीच्या डोळ्यांच्या जागीं चौकोन दिसूं लागतात. म्हणून ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अॅडव्हान्स्ड’ ह्या वाटेनें जाऊन ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’ येथें आरंभींच खूण करावी. परगांवच्या आप्तांकडून व्हॉट्सअॅपवर फोटो मागवितांनाही तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावयास सांगावें. साध्या रीतीनें पाठविला तर वाटेंतच त्याचे ठिपके गळतात.

पांचवी गोष्ट विशेषेंकरून शिक्षकांसाठीं. नकाशाच्या खालीं १ : ५०,००० असें प्रमाण छापलेलें असतें. तें कागदावर खरें असतें. परंतु १३.३३ इंचांची पाटी आठ फूट रुंद पडद्यावर पडली म्हणजे प्रत्येक माप ७.२ पट होतें, आणि तो छापलेला आंकडा खोटा ठरतो. खरी राहते ती प्रमाणरेषा, कारण ती नकाशाबरोबरच वाढते. म्हणून पडद्यावरील नकाशास आंकडा नसला तरी चालेल, रेषा हवी. नाण्याचें, किड्याचें किंवा ताम्रपटाचें चित्र दाखवितांनाही शेजारीं मोजपट्टी ठेवूनच फोटो घ्यावा. मात्र नकाशा ताणला तर प्रमाणरेषाही फसविते. सोलापुराहून पंढरपूर जवळजवळ नीट पश्चिमेस आहे आणि बार्शी बरीचशी उत्तरेस. आडव्या ताणलेल्या नकाशावर आडवी रेषाही तितकीच ताणली जात असल्यामुळें पंढरपूरचें अंतर बरोबर निघतें, पण त्याच रेषेनें मोजतां बार्शी खऱ्याहून जवळ येते. मुलगा हिशेब चोख करतो आणि उत्तर चुकतें. त्यांत त्याचा अपराध काय?

सहावी गोष्ट प्रोजेक्टरची. पाटी निर्दोष असली तरी प्रोजेक्टर किंवा दूरदर्शन संच स्वतःच्या मर्जीनें चित्र ताणूं शकतो. ह्याची परीक्षा सोपी आहे. मालिकेच्या आरंभीं एका स्लाइडवर ‘शिफ्ट’ची कळ दाबून धरून एक वर्तुळ आणि एक चौरस काढावा. मंडळी येण्यापूर्वीं तो पडद्यावर पाडून चौरसाची उंची व रुंदी टेपानें मोजावी. सारखी भरली तर ठीक. न भरली तर यंत्राच्या ‘आस्पेक्ट’ ह्या सदरांत जाऊन दुरुस्त करावी. वरची बाजू खालच्यापेक्षां रुंद दिसली तर यंत्र तिरपें आहे असें समजावें. पटवर्धनांच्या कंदिलाचा जो दोष तोच हा, आणि उपायही तोच.

इतकें सर्व ठाऊक असूनही माणसें चित्र ताणतात, त्याचें कारण अज्ञानापेक्षां निराळें आहे. रिकामी जागा लोकांस पाहवत नाहीं. सिद्धेश्वराच्या यात्रेंतील उंच नंदीध्वजाचा फोटो मोबाइलवर उभा काढलेला असतो. चारास तीन प्रमाणाचा उभा फोटो पाटीच्या पूर्ण उंचीचा केला तरी तिची शेंकडा ४२ रुंदीच व्यापतो. उरलेली जागा भरावयाची म्हणून कोणी तो आडवा ताणतो, आणि डौलदार नंदीध्वजाचा खांब होतो. कोणी वरखालीं कापतो, आणि ध्वजाचें टोंकच जातें. वास्तविक ती रिकामी जागा माहिती लिहावयास उत्तम. आणि लिहावयाचें नसेल तर काळी ठेवावी. आठ फुटी पडद्यावर जुनी चारास तीनची मालिका दाखवितांना मध्यें सहा फूट चित्र आणि दोहों बाजूंस एकेक फूट अंधार राहतो. त्या अंधारानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

कापण्याविषयीं एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती एकत्र कुटुंबांस लागू आहे. चित्रासाठीं आधींच आंखून ठेवलेल्या चौकटींत फोटो टाकला, तर चौकट पूर्ण भरावी म्हणून संगणक त्याच्या कडा आपण होऊन झांकतो. चित्र ताणलेलें नसतें, म्हणून कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पण घरच्या जुन्या समूहचित्रांत कोण कोठें असे, हें आठवून पाहावें. मधोमध खुर्चीवर वडील माणूस, दोहों अंगांस कर्ते पुरुष. आणि अगदीं कडेला अर्धवट पदराआड उभी असलेली विधवा आत्या, शिक्षणासाठीं घरीं राहिलेला दूरचा भाचा, पाटावर बसलेलीं लहान मुलें, आणि एका टोंकाला वर्षानुवर्षें राबलेला गडी. संगणक मध्य धरतो आणि कडा टाकतो. त्याला नातीं कळत नाहींत. कर्त्या पुरुषांचे फोटो आणखीही असतात. कडेच्या माणसांचा तो कदाचित् एकुलता एक फोटो असतो.

म्हणून समूहचित्र पाटीवर आलें कीं ‘क्रॉप’ ही आज्ञा एकदां दाबून पाहावी; झांकलेल्या कडा तींत दिसूं लागतात, आणि त्या बाहेर ओढून चित्र पूर्ववत् अखंड करतां येतें. मग तें प्रमाणांत लहान करावें, आणि डावीकडून उजवीकडे सर्वांचीं नांवें क्रमानें खालीं लिहावींत. हीं नांवें ज्यांस ठाऊक आहेत तीं वडील माणसें घरांत आहेत तोंवरच हें काम उरकून घ्यावें, अशी तरुण वाचकांस विनंती आहे.